'नाही' म्हणण्याची मजुरी

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या डिसेंबरात आपल्या महाविद्यालयाच्या निसर्ग मंडळाची सहल सांदण दरीला गेली होती. परतताना बसमध्ये खर्चाचा हिशेब चालला होता. आमच्या वर्गातला एक मित्र म्हणाला, "वाटाड्याचे हजार रुपये उगाच गेले बुवा. वाट तर एकच. दोन्ही अंगांना कातळाच्या भिंती. माणूस चुकणार तरी कुठे?" सगळे हसले. मीही हसलो. तो वाटाड्या माझा बा होता, हे त्या बसमध्ये फक्त तिघांना ठाऊक होते, आणि त्या तिघांतला एक मी होतो.

त्या हसण्याची खंत मनात राहिली, म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे. आमच्या घरात महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. लेख कसा लिहावा हे मला फारसे कळत नाही. पण दरी कळते. तेव्हा आधी दरीविषयी.

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून गेले की घाटघर आणि रतनवाडी यांच्या मुलखात साम्रद हे गाव लागते. शेजारच्या वाडीत आमचे घर आहे. साम्रदच्या पठारावरून थोडे चालत गेले की जमिनीला एक चीर पडलेली दिसते. सुरुवातीला ती साधा ओहोळ वाटावा इतकी उथळ असते. आत उतरत गेलो की दोन्ही बाजूंचे कातळ वर वर जातात. काही ठिकाणी ते दोनशे-तीनशे फूट उंच होतात, तर रुंदी जेमतेम दोन-तीन माणसे शेजारी उभी राहतील एवढीच उरते. आत ऊन फार थोडा वेळ पोचते. एप्रिलमध्येही पाण्याचे डोह थंडगार असतात. दरीच्या शेवटी कातळ एकाएकी संपतो आणि खाली कोकण दिसू लागते. दोर लावून उतरणारे पुढे शहापूर तालुक्यातल्या डेहणे गावाला निघतात. आमच्याकडे सांद म्हणजे अरुंद फट. नाव त्यावरूनच पडले असावे. (कोकणातल्या एका वर्गभगिनीने मला फणसाचे सांदण खाऊ घातले होते. ते रुचकर होते, पण त्याचा या सांदणशी संबंध नाही.) आशिया खंडातली दुसऱ्या क्रमांकाची घळ, असे जाहिरातींत छापलेले असते. ती कोणी मोजली हे मात्र कुठल्याच जाहिरातीत छापलेले नसते.

भूगोलाच्या तासाला सरांनी दख्खनच्या पठाराचा धडा शिकवला, तेव्हा मला घरचीच गोष्ट ऐकल्यासारखे झाले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. त्या बेसाल्टला थंड होताना भेगा पडल्या आणि भेगांतून पाऊस शिरला. सह्याद्रीतल्या घळी पाण्याने अशाच कोरल्या. आमच्या भागाचे एक नवल सांगण्यासारखे आहे. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा पूर्वेला जाते, गोदावरीला मिळते आणि बंगालच्या उपसागराला पोचते. तिथून हाकेच्या अंतरावर सांदणमध्ये पडलेला थेंब मात्र कड्यावरून कोकणात उडी घेतो आणि अरबी समुद्राचा होतो.

म्हणजे सांदण ही मुळात पाण्याची वाट आहे. आठ महिने पाणी ती आपल्याला वापरू देते. जून लागला की घाटघर, रतनवाडी, साम्रद या पट्ट्यात अहिल्यानगर जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस कोसळू लागतो आणि पठारावरचे पाणी चहूबाजूंनी त्या चिरेकडे धावते. दरीत उभ्या असलेल्या माणसाला आकाशाची एक चिंधी तेवढी दिसते. वरच्या माळावर काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. त्याच्या डोक्यावर निळे आकाश असते आणि मैलभर वर पडलेला पाऊस त्याच्याकडे निघालेला असतो. मोकळ्या नदीचे पात्र पसरट असते, पाणी आडवे पसरते. घळीत पसरायला जागा नाही. तेच पाणी उभे चढते. भिंती सरळ असल्यामुळे माणसाला बाजूला होता येत नाही. आल्या वाटेने परत फिरणे एवढाच उपाय, आणि तोही वेळेवर.

मित्राचे म्हणणे एका अर्थी खरे आहे. सांदणमध्ये वाट चुकत नाही. पण वाटाड्या वाट दाखवायला नसतोच मुळी. आज जावे की न जावे, आणि आत गेल्यावर कोणत्या क्षणी मागे फिरावे, हे सांगायला तो असतो. माझा बा हे सांगतो. पहाटे उठून तो आजोबाच्या डोंगराकडे पाहतो. आत शिरल्यावर डोहाच्या कडेचे ठरावीक दगड पाहतो. स्वच्छ पाण्यावर पाला-काटक्या तरंगत आल्या, पाण्याला तांबूस झाक आली, की तो कोणाला विचारीत बसत नाही. "चला, फिरा माघारी," एवढेच म्हणतो. हे त्याला कोणी शिकवले नाही. गुरे चारताना, हिरडा गोळा करताना, इरले पांघरून आवणीला जाताना त्याने ते साठवले आहे.

इथवर वाचून कोणाला वाटेल की हा आता गावकऱ्यांच्या शहाणपणाचे गोडवे गाणार. तसे नाही. मला माझीच एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती शहाणपणाची नाही.

२०२४ साली मी बारावी झालो. निकाल मे महिन्यात लागला. पुढे शिकायचे तर शहरात राहणे आले. वसतिगृहाची यादी लागेपर्यंत खोली घेऊन राहावे लागते, हे आधीच्या मुलांकडून कळले होते. खोलीवाल्याला दोन महिन्यांचे भाडे आगाऊ हवे होते. घरात भात होता, नागली होती, पैसे नव्हते. मेच्या अखेरीस काजवे पाहायला येणाऱ्यांची गर्दी ओसरली आणि पाऊस सुरू झाला की आमच्याकडचा पैसा आटतो. मग आवणी उरकून माणसे नारायणगावच्या बाजूला मजुरीला जातात.

जूनच्या मध्याला मुंबईहून दहा जणांचा एक गट आला. नोकरी करणारी तरुण मंडळी होती. दोन-तीन दिवस पाऊस उघडलेला होता. बाने पहाटे पश्चिमेकडे पाहिले आणि म्हणाला, "आज नाय. ढग बसलाय." गटाचा पुढारी म्हणाला, "काका, आम्ही इतक्या लांबून आलोय. दुप्पट घ्या. तुम्ही नाही आलात तर दुसरा कोणी घेऊ." बा काही बोलला नाही. औत घेऊन खाचराकडे निघून गेला.

त्यांना घेऊन मी गेलो.

पहिला डोह ओलांडला तेव्हा पाणी गुडघ्याच्या वर होते. मंडळी खूश होती. भिंतींवरून बारीक बारीक धारा गळत होत्या. त्यांत ऊन शिरले की ते दृश्य खरोखरच अप्रतिम दिसते, हे मी नाकारीत नाही. दुसऱ्या डोहापाशी माझे लक्ष एका दगडाकडे गेले. त्यावर पाय देऊन मी लहानपणापासून पलीकडे जात आलो आहे. तो दगड दिसेना. मी म्हणालो, "आता फिरू या." एक जण म्हणाला, "अरे, पाचच मिनिटे. फोटो होऊ दे." आणि मी गप्प राहिलो. का राहिलो, ते मला नीट ठाऊक आहे. पैसे अजून हातात पडले नव्हते. ठरलेल्या ठिकाणापर्यंत नेले नाही म्हणून त्यांनी निम्मेच दिले असते तर?

ती पाच मिनिटे पुढे दहा झाली. परतताना पहिल्या डोहात पाणी छातीला लागले. एका मुलीचा हात सुटला. तिच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा माझ्या हाती लागला म्हणून ती राहिली. सगळे सुखरूप वर आले. वर आल्यावर त्यांना तो अनुभव थरारक वाटला. ठरलेले दोन हजार देऊन वर पाचशे बक्षीस दिले, माझी पाठ थोपटली. त्या रात्री बाने एकच प्रश्न विचारला, "किती दिलं?" मी आकडा सांगितला. तो काहीच बोलला नाही. खोलीचे आगाऊ भाडे त्यातूनच भरले गेले. आज मी या महाविद्यालयात आहे तो त्या पैशांमुळे आहे, हे लिहिताना मला लाज वाटते. पण ते खोटे नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, ३० जून २०२४ रोजी, लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभ्या असलेल्या त्या माणसांचे चित्रण आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. लोक पाहून हळहळले. म्हणाले, इतके कसे कळले नाही? मला मात्र तो पिशवीचा पट्टा आठवत होता. त्यांच्या बाजूला उभे राहून 'आता फिरा' म्हणणारा कोणी नव्हता. आणि असता, तरी त्याने ते वेळेवर म्हटलेच असते असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

अशा घटनेनंतर मनाई आदेश निघतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. अमुक धबधबा, तमुक धरण, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत बंद. हे आदेश काढणाऱ्यांना मी दोष देत नाही. माणसे मरत असताना अधिकाऱ्याने दुसरे काय करावे? परंतु आदेशाला तारीख असते आणि पाण्याला ती नसते. ऑक्टोबरात वीज कडाडून एका तासाचा पाऊस होतो. तेव्हा आदेश संपलेला असतो आणि दरी भरलेली असते. शिवाय फलक लावला म्हणून माणूस थांबतो असेही नाही. नाक्यावर पोलीस असला तर माणसे आडवाटेने जातात, आणि आडवाट दाखवायला आमच्यातलाच कोणी तरी पन्नास-शंभर रुपयांत तयार होतो. बंदीच्या काळात त्याचा धंदा बंद असतो आणि चूल बंद ठेवता येत नाही.

दुसऱ्या बाजूला डोंगर भटकणाऱ्यांचे म्हणणे असते की डोंगर सर्वांचे आहेत, साहसावर बंदी कसली घालता? त्यांच्याविषयी मला आदर आहे. ग्रंथालयातून गो. नी. दांडेकरांची 'दुर्गभ्रमणगाथा' आणून मी वाचली, तेव्हा आपण ज्यांच्या अंगाखांद्यावर वाढलो ते डोंगर दुसऱ्या कोणाला इतके प्रिय असू शकतात हे पाहून मी चकित झालो होतो. आमच्या घरात डोंगरावर 'भटकायला' कोणी जात नाही, कामाला जातात. पण खरा गिर्यारोहक शिखर हाताच्या अंतरावर असताना हवा बिघडली म्हणून माघारी येतो आणि त्याची त्याला शरम वाटत नाही. आपल्याकडे सहलीला येणारा साहस तेवढे घेतो आणि माघार मागे ठेवतो.

बंदी आणि मोकळीक यांच्या वादात दोन्ही पक्ष वाटाड्याला मात्र गृहीत धरतात. एक म्हणतो, स्थानिकांनी पर्यटकांना रोखावे. दुसरा म्हणतो, स्थानिक माणूस बरोबर असला की झाले. पाणी ओळखणारा माणूस बरोबर असावा हे कोणालाही पटेल. पण त्या माणसाने 'नाही' म्हटले तर त्याच्या हाती काय पडते, हा प्रश्न मी कुठे विचारलेला पाहिला नाही.

उत्तर सोपे आहे. काहीही पडत नाही. 'हो' म्हटले तर हजार, दोन हजार. 'नाही' म्हटले तर शून्य, वर "दुसरा घेऊ" ही धमकी. अर्थशास्त्राच्या तासाला संधी खर्च शिकताना माझ्या डोळ्यांसमोर खाचराकडे निघालेला बा उभा राहिला. त्याच्या 'आज नाय'चा संधी खर्च त्या दिवशी दोन हजार रुपये होता, तो त्याने एकट्याने भरला, आणि त्याच्याच पोराने ते दोन हजार मागल्या दाराने घरात आणले. ज्याला धोका कळतो त्यालाच 'नाही' म्हणणे परवडत नाही, अशी ही रचना आहे. मग अपघात झाला की आपण गावकऱ्यांच्या निष्काळजीपणावर बोलतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की वाटाड्याला मजुरी द्यावी ती दिवसाची. दरी दाखवल्याची नव्हे. पहाटे त्याने आकाश पाहून "आज नाही" म्हटले तरी पूर्ण द्यावी. अर्ध्या वाटेवरून फिरवले तरी पूर्ण द्यावी. आणि ती आधी द्यावी, निघण्यापूर्वी. माझ्या हातात त्या दिवशी पैसे आधीच पडले असते, तर तो बुडालेला दगड पाहिल्यावर मी पाच मिनिटेसुद्धा थांबलो नसतो, एवढे मी स्वतःविषयी खात्रीने सांगू शकतो.

हे मी आमच्या एका प्राध्यापकांना बोलून दाखवले. ते म्हणाले, "मग प्रत्येक जण रोज 'नाही'च म्हणेल आणि घरी बसून पैसे घेईल." शंका रास्त आहे, मी तिच्यावर बरेच दिवस विचार केला. पहिली गोष्ट, दोनदा उगाच 'नाही' म्हणणाऱ्याकडे तिसऱ्यांदा कोणी येणार नाही; आमच्या गावात कोणता वाटाड्या कसा, हे येणाऱ्यांना बरोबर कळते. दुसरी गोष्ट, ज्यांना डोंगर दाखवण्याचा अभिमान आहे त्यांना घरी बसवणेच कठीण. माझा बा उघड्या आकाशाच्या दिवशी घरी बसून दाखवील तर मी पैज हरेन. आणि तिसरी गोष्ट, समजा दहा 'नाहीं'मध्ये दोन खोटे निघाले. आज दहा 'हो'मध्ये दोन खोटे निघतात, त्याची किंमत कोण भरतो?

दुसरे एक म्हणणे असे की हे सरकारने करावे. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. आमचा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. नाक्यावर प्रवेशशुल्कही घेतात. त्या शुल्कातला काही वाटा बाजूला काढून बंदीच्या दिवसांत वाटाड्यांना द्यावा, दरीच्या तोंडाशी त्यांनाच राखणीला बसवावे, असे मला वाटते. ज्याचा रोजगार बंदीने जातो त्यालाच बंदी राखण्याचा रोजगार मिळाला, तर आडवाट कोण दाखवील? पण हे मोठ्यांचे काम आहे, त्याला वेळ लागेल. आपण विद्यार्थी तोवर काय करणार? दरवर्षी आपल्या महाविद्यालयातूनच दोन-तीन गट पावसाळ्यात धबधब्यांना जातात. काही सांगून जातात, काही न सांगता. मोबाइलवर वाट दिसते म्हणून वाटाड्या घेत नाहीत. मोबाइलवर वाट दिसते हे खरेच आहे. बुडालेला दगड दिसत नाही.

निसर्ग मंडळाच्या गेल्या बैठकीत मी हा विषय मांडला. पुढच्या सहलीच्या अंदाजपत्रकात वाटाड्याची मजुरी आगाऊ द्यावी, आणि त्याने परत फिरवले तरी ती परत मागू नये, असा माझा ठराव होता. डिसेंबरात बसमध्ये बोलणारा मित्रही तिथे होता. वाटाड्या माझा बा आहे हे त्याला मी बैठकीच्या आधी सांगितले होते. तो बराच वेळ गप्प राहिला; मग ठरावाला अनुमोदन त्यानेच दिले. मुलांना कल्पना पटली. अडचण काढली ती हिशेब पाहणाऱ्या सरांनी, आणि तीही प्रामाणिक होती. खर्चाच्या तक्त्यात प्रवास, भोजन, प्रवेशशुल्क, किरकोळ असे रकाने असतात. जागा पाहिलीच नाही, तर हा खर्च कोणत्या रकान्यात टाकावयाचा? आणि न झालेल्या कामाची पावती कोण देणार?

रकान्याचे अजून ठरलेले नाही. पावतीचे मात्र मी सरांना सांगून आलो आहे. आमच्या वाडीतले बरेच म्हातारे अजून अंगठा उठवतात. पण मी शाळेत जाऊ लागलो त्या वर्षी बा माझ्या पाटीवर सही करायला शिकला. पावती तो देईल.